सरळ किलोमीटर, वाकडे तास

१. एक प्रश्न, तीन उत्तरे

चंद्रपूरहून मुंबई किती लांब आहे? गाडी चालवणारा सांगतो, आठशेच्या वर किलोमीटर. रेल्वेने जाणारा किलोमीटर सांगतच नाही. एक रात्र आणि वर थोडा दिवस, असे त्याचे उत्तर असते. विमानाने जाणारा म्हणतो, नागपूरहून दीड-पावणेदोन तास. तिघेही खरे बोलतात, पण तिघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. पहिल्याने रस्ता मोजला, दुसऱ्याने वेळ मोजला आणि तिसऱ्याने वेळेचा एक तुकडा मोजून बाकीचा सोडून दिला. दोन विमानतळांची नावे टाकली की त्यांच्यातले अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारी साधने आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत. तीही असेच दोन आकडे शेजारी शेजारी ठेवतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की पहिल्याला विमानाच्या वेगाने भागले की दुसरा मिळतो.

तसे होत नाही, आणि का होत नाही ते पाहणे हा या प्रकरणाचा विषय आहे. अंतर पृथ्वीच्या आकारातून येते. ते आज, उद्या, पावसाळ्यात, हिवाळ्यात तेच राहते. वेळ मात्र वारा, धावपट्टीवरची रांग, देशांच्या हद्दी, वेळापत्रक आणि घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता अशा अनेक गोष्टी मिळून ठरवतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत हा फरक जितका ठळक दिसतो तितका मुंबई-पुण्यात दिसत नाही. म्हणून हिशेब इथूनच मांडू. त्यासाठी आधी अंतर कसे काढतात ते समजून घ्यायला हवे.

२. अंतर मोजणारा माणूस हिंगणघाटला थांबला

दोन गावांमधले सरळ अंतर काढायला त्यांचे अक्षांश आणि रेखांश पुरतात. पण एक अंश म्हणजे जमिनीवर किती, हे कुणीतरी आधी मोजलेले असावे लागते. हिंदुस्थानात ते काम विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ सुरू केले. सपाट जमिनीवर साखळीने एक रेषा अत्यंत काटेकोरपणे मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका उंच खुणेकडे पाहून कोन मोजायचे आणि त्या कोनांवरून त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने काढायच्या, अशी ती पद्धत. काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशा त्रिकोणांची साखळी दक्षिणेकडून उत्तरेकडे, साधारण ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास सरकत गेली. नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन हिंगणघाटला वारला. नागपूर–बल्लारपूर रेल्वेमार्गावरच्या या गावात त्याची कबर आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

या मोजणीमागे जमीन महसूल आणि नकाशे होतेच, शिवाय एक शास्त्रीय प्रश्नही होता: पृथ्वी नेमकी गोल आहे की ध्रुवांकडे चपटी? उत्तर चपटी असे आले. आजच्या मोजणीनुसार विषुववृत्तावरची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडची ६,३५७ किलोमीटर आहे. हा २१ किलोमीटरचा फरक इतका लहान की अंतर काढताना पृथ्वी पूर्ण गोल धरली तरी चूक हजार किलोमीटरमागे जास्तीत जास्त पाचेक किलोमीटरची होते. आपल्या कामाला तेवढे चालते.

आता एक उदाहरण. गडचिरोली शहराचा अक्षांश सुमारे २०.१८ आणि त्याच जिल्ह्यातल्या सिरोंच्याचा १८.८४. दोन्ही गावे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, ८० अंश पूर्वेला आहेत. अक्षांशांतला फरक १.३४ अंश, आणि उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार केला की १४९ किलोमीटर हे सरळ अंतर हाती येते. पूर्व-पश्चिम मोजताना एक काळजी घ्यावी लागते. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे आपल्याकडे, विसाव्या अक्षांशाच्या आसपास, रेखांशाचा एक अंश १११ ऐवजी साधारण १०४ किलोमीटरचा भरतो. चंद्रपूर ते गडचिरोली हा फरक पूर्व-पश्चिम ७३ आणि उत्तर-दक्षिण २५ किलोमीटर येतो. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की ७७ किलोमीटर मिळतात. विमानतळांचे अंतर काढायची रीतही हीच, फक्त लांबच्या पल्ल्याला पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावी लागते.

३. नकाशावरची सरळ रेषा लांबची का असते

मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानाचा मार्ग पडद्यावर पाहिला की तो उत्तरेकडे मोठी कमान घेऊन जाताना दिसतो. पुष्कळांना वाटते, विमान उगाच वळसा घालते. शंका असेल त्याने घरातला पृथ्वीगोल घ्यावा, मुंबईवर दोऱ्याचे एक टोक आणि न्यूयॉर्कवर दुसरे टोक धरून दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपोआप उत्तरेला सरकतो आणि आर्क्टिक वृत्ताच्या जवळून जातो. ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग नेहमी अशा वर्तुळाचा तुकडा असतो.

भिंतीवरच्या नकाशाने आपला समज बिघडवलेला असतो. १५६९ साली मर्केटरने तयार केलेल्या नकाशाच्या पद्धतीत दिशा बरोबर राहाव्यात म्हणून ध्रुवाकडचे प्रदेश ताणून मोठे केलेले असतात. त्यावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. अशा नकाशावर पट्टी ठेवून मुंबई–न्यूयॉर्क रेषा मारली आणि विमान तिच्यावरून नेले, तर त्याला सुमारे १४,२०० किलोमीटर जावे लागेल. बृहद्वृत्तावरून तेच अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. म्हणजे कमान दिसणारा मार्ग साडेसोळाशे किलोमीटरने, जवळजवळ दोन तासांनी जवळचा. नागपूर–मुंबईसारख्या छोट्या पल्ल्याला मात्र दोन्ही रेषा इतक्या चिकटून असतात की फरक मोजण्यासारखा उरत नाही. गोलाईचा परिणाम अंतराबरोबर वाढत जातो.

४. अंतराशी संबंध नसलेला वेळ

नागपूर ते मुंबई विमानतळ हे सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरने जाते असे धरले तर हिशेबाने ५१ मिनिटे लागायला हवीत. वेळापत्रकात मात्र दीड ते पावणेदोन तास लिहिलेले असतात. उरलेला वेळ कुठे जातो? विमान कंपनी वेळ मोजते तो विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, पुढच्या विमानामागे थांबणे, वर चढताना कमी वेगाने जाणे, उतरायच्या आधी वेग आणि उंची टप्प्याटप्प्याने कमी करणे हे सगळे येते. मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी आकाशात घिरट्या घालाव्या लागण्याची शक्यता धरून वेळापत्रकात थोडी सवडही ठेवलेली असते.

हा वेळ प्रवास लांबचा असो की जवळचा, फारसा बदलत नाही. म्हणून ढोबळ नियम असा करता येतो: किलोमीटरला ८०० ने भागा आणि वर अर्धा ते पाऊण तास घाला, गर्दीच्या विमानतळासाठी आणखी थोडा. नागपूर ते दोहा हे अंतर सुमारे २,८४० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या चौपटीहून जास्त. नियमाने वेळ चार तासांच्या आसपास येतो, म्हणजे अडीचपटीच्या आतबाहेर. अंतर चौपट आणि वेळ अडीचपट, याचे कारण ठरलेला वेळ दोन्हीकडे तेवढाच आहे. उलट बाजूने पाहिले तर छोट्या पल्ल्यात विमानाच्या वेगाचा फायदा बराचसा याच ठरलेल्या वेळात विरून जातो.

विमाने हळू होती तेव्हा चित्र वेगळे होते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासहून रात्री निघालेली विमाने नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती परत जात. १९७३ पर्यंत ही सेवा चालली. नागपूर निवडले गेले ते मध्यावर असल्यामुळे, पण मध्य म्हणजे समान अंतर नव्हे. नागपूरपासून मुंबई ६८०, दिल्ली ८५०, चेन्नई ९१० आणि कोलकाता ९८० किलोमीटरच्या आसपास आहे. ताशी २८० किलोमीटरने जाणाऱ्या डाकोटा विमानाला मुंबईहून अडीच तास लागले तर कोलकात्याहून साडेतीन. चौघांना एका वेळी नागपुरात भेटायचे तर कोलकात्याच्या विमानाने मुंबईच्या तासभर आधी निघायला हवे. आज जेट विमानांत हाच फरक वीस-बावीस मिनिटांचा उरला आहे. आकाशातले तास जसे आटत गेले तसे जमिनीवरचे तास डोळ्यांत भरू लागले.

५. जाताना जास्त, येताना कमी

दुसरा नेहमीचा प्रश्न: आखाताकडे जाताना वेळ जास्त लागतो आणि परत येताना कमी, असे का? यावर मिळणारे एक लोकप्रिय उत्तर असे की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेचे ठिकाण विमानाकडे चालत येते किंवा दूर पळते. हे उत्तर तपासून पाहू. चंद्रपूरच्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५७० किलोमीटरने पूर्वेकडे जातो. हवा मागे राहून फक्त जमीन फिरत असती, तर चंद्रपूरवर एक तास एका जागी तरंगणारे हेलिकॉप्टर तासाभराने अरबी समुद्रावर असते. तसे होत नाही, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या वातावरणात उडते. शिवाय उत्तर खरे असते तर पश्चिमेकडचे प्रवास लवकर संपायला हवे होते. अनुभव उलटा आहे.

खरे कारण वारा. प्राणहिता नदीत डोंगा घातलेल्या नावाड्याला हे शिकवावे लागत नाही: वल्हे तेवढ्याच जोराने मारले तरी धारेबरोबर डोंगा झपाट्याने जातो आणि धारेविरुद्ध काठ लवकर हटत नाही. विमान हवेच्या तुलनेत ठरलेल्या वेगाने जाते; जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग किती, हे हवा कुठे चालली आहे त्यावर ठरते. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचा पट्टा वाहतो. याला जेट प्रवाह म्हणतात, आणि त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर आणखी उंच पातळीवर उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जेट प्रवाह तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचे वर्णन केले. त्यामुळे एकाच मार्गाचा वेळ ऋतूप्रमाणेही बदलतो.

आकडे घालून पाहू. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० आणि पश्चिमेकडून येणारा वारा ताशी १०० किलोमीटर धरा. नागपूरहून दोह्याला जाताना जमिनीवरचा वेग ७५० उरतो आणि २,८४० किलोमीटरला ३ तास ४७ मिनिटे लागतात. येताना वेग ९५० होतो आणि २ तास ५९ मिनिटे पुरतात. फरक ४८ मिनिटांचा. इथे कुणी म्हणेल, जाताना गेले ते येताना मिळाले, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला. तो तसा सुटत नाही. वारा नसता तर जाऊन येऊन ६ तास ४१ मिनिटे लागली असती; वाऱ्यात ६ तास ४६ मिनिटे लागतात. विमान उलट्या वाऱ्यात जास्त वेळ असते आणि सुलट्या वाऱ्यात कमी, त्यामुळे नुकसान जास्त वेळ चालते आणि फायदा कमी वेळ. वारा कितीही असो, सरळ जाऊन येण्यात तो थोडे घेतोच.

घड्याळाचा घोळ यातून वेगळा काढावा. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावाची आणि पोहोचायची वेळ पोहोचायच्या गावाची असते. नागपूरहून पहाटे ४ ला निघून दोह्याला पावणेसहाला पोहोचलो, तर प्रवास पावणेदोन तासांचा झाला असे नाही. दोह्याचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे, तेव्हा प्रवास सव्वाचार तासांचा. वारा खरा वेळ बदलतो; घड्याळ फक्त आकडा बदलते.

६. आभाळालाही बांध असतात

बृहद्वृत्त हा सर्वांत जवळचा मार्ग असला तरी विमान तंतोतंत त्यावरून क्वचितच जाते. हवाई वाहतूक नियंत्रक ठरलेल्या बिंदूंवरून विमाने नेतात. लष्करी क्षेत्रे टाळावी लागतात. वादळाला वळसा घालावा लागतो. समुद्रावरून जाताना एक इंजिन बंद पडले तर ठराविक वेळेत पोहोचता येईल असा विमानतळ जवळ हवा असतो. यांतले बहुतेक वळसे लहान असतात. मोठा वळसा राजकारण घालायला लावते. मुंबई–न्यूयॉर्कचे बृहद्वृत्त गुजरात ओलांडून सिंधवरून जाते. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या उड्डाणांना दक्षिणेकडून फिरून जावे लागले. विमानतळ जागचे हलले नाहीत, अंतराचा आकडा तोच राहिला, आणि प्रवासाचा वेळ वाढला. अंतरावरून वेळ काढता येत नाही याचा याहून सरळ पुरावा शोधायची गरज नाही.

७. विमानतळापर्यंतचे अंतर

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. चंद्रपूर ते मुंबई विमानतळ हे सरळ अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढले तर ६८० किलोमीटर येते. नागपूर ते मुंबईही ६८०. दोन्हींत दोन-तीन किलोमीटरचाही फरक नाही. चंद्रपूर नागपूरच्या दक्षिणेला आणि किंचित पूर्वेला आहे. पूर्वेला असल्याने जे अंतर वाढते ते दक्षिणेला असल्याने कमी होते. म्हणजे चंद्रपूरचा माणूस दीडशे किलोमीटर रस्ता तीन तास तुडवून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पोहोचतो, तेव्हा तो मुंबईच्या एक पाऊलही जवळ आलेला नसतो. हे तीन तास त्याने अंतरासाठी खर्चलेले नाहीत; जिथून विमान सुटते त्या जागी पोहोचण्यासाठी खर्चले आहेत. त्याच्या प्रवासाची बेरीज अशी: रस्ता तीन तास, विमानतळावर आधी जाऊन थांबणे दीड तास, उड्डाण एक तास चाळीस मिनिटे, बाहेर पडायला अर्धा तास. एकूण सहा तास चाळीस मिनिटे, आणि त्यांतले पूर्ण वेगाने उडणे तासभराचेही नाही.

गडचिरोली जिल्ह्यात शिरले की ही बेरीज आणखी एका बाजूला झुकते. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला आहे, आणि नद्या व जंगल यांमुळे रस्ते वळणे घेत जातात. रस्त्याचे अंतर सरळ अंतराच्या किती पट, हा आकडा यासाठी उपयोगी पडतो. नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सरळ रेषेपेक्षा दहा टक्क्यांच्या आतच लांब आहे. गडचिरोली ते सिरोंचा सरळ १४९ किलोमीटर, रस्त्याने दोनशेच्या वर. गडचिरोली ते भामरागड सरळ सुमारे १०५, आणि आष्टी, आलापल्लीवरून रस्त्याने पावणेदोनशेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. त्यात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि मग किती पट हा प्रश्नच उरत नाही.

भामरागडहून नागपूर विमानतळ सरळ रेषेत सुमारे २४५ किलोमीटर आहे. नागपूरहून दोहा त्याच्या साडेअकरापट लांब. भामरागडहून नागपूरला रस्त्याने सात-आठ तास लागतात आणि नागपूरहून दोह्याला चार-सव्वाचार. साडेअकरापट लांबचे ठिकाण निम्म्या वेळात येते. नकाशा समोर ठेवून ‘जवळ’ आणि ‘लांब’ म्हणणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण प्रवाशाच्या दृष्टीने खरे अंतर हेच आहे.

सिरोंच्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथून नागपूर विमानतळ सरळ सुमारे २६८ किलोमीटर आणि हैदराबादचा विमानतळ सुमारे २४० किलोमीटर. पुढे हैदराबाद ते मुंबई हे अंतरही नागपूर–मुंबईपेक्षा साठेक किलोमीटरने कमी, सुमारे ६२०. गोदावरीवर पूल नव्हता तेव्हा या आकड्यांना अर्थ नव्हता. पूल झाल्यावर वरंगळच्या बाजूने हैदराबाद गाठणे सोपे झाले. महाराष्ट्राच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या राजधानीला जाण्याची जवळची वाट दुसऱ्या राज्याच्या राजधानीतून असू शकते. राज्याची हद्द प्रशासनाच्या नकाशावर असते, वेळेच्या नकाशावर ती दिसत नाही.

८. तीन आक्षेप

पहिला आक्षेप सरळ आहे: मग चंद्रपूरलाच विमानतळ करा, तीन तास वाचतील. चंद्रपूरजवळ मोरव्याला छोटी धावपट्टी आहे, पण ती मोठ्या जेट विमानांची नव्हे. दोन पंख्यांचे, सत्तरेक आसनांचे विमान ताशी ५०० किलोमीटरने जाते असे धरले, तर ६८० किलोमीटरला १ तास २२ मिनिटे आणि ठरलेला अर्धा-पाऊण तास, म्हणजे दोन तासांच्या आसपास. रस्त्याचे तीन तास वाचतात आणि हळू विमानामुळे पंधरा-वीस मिनिटे जातात. फायदा खरा आहे. पण वेळापत्रक मध्ये येते. दिवसात एकच विमान असेल आणि माणसाची निघायची गरज कोणत्याही वेळी पडत असेल, तर त्याला सरासरी बारा तास थांबावे लागते. समान अंतराने सहा विमाने असतील तर दोन तास. एकाच विमानाच्या विमानतळाने वाचवलेले तीन तास या फरकात तिपटीने बुडतात. यावर कुणी म्हणेल, माणूस वेळापत्रक पाहूनच निघतो, विमानतळावर बारा तास बसत नाही. खरे आहे, पण मग तो ते तास मुंबईत मुक्कामाला घालवतो, आणि मुक्कामालाही पैसे आणि दिवस लागतात. शिवाय या जिल्ह्यांत जमीन मोकळी पडलेली नाही. राजुरा तालुक्यातील विहीरगाव–मूर्ती परिसरात मोठ्या विमानतळाचा प्रस्ताव आला तेव्हा वनजमीन आणि वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटा यांचा प्रश्न उभा राहिला. विमानतळ हवा की नको याचे उत्तर या प्रकरणात नाही. पण वाचणारे तास मोजताना रोज किती विमाने सुटतील हा आकडा आधी मागायला हवा, एवढे हिशेबातून निघते.

दुसरा आक्षेप हेलिकॉप्टरचा. गडचिरोलीत निवडणुकीच्या वेळी मतदान पथके आणि यंत्रे दुर्गम केंद्रांकडे हेलिकॉप्टरने नेली जातात. भामरागडचे १०५ किलोमीटर हेलिकॉप्टर अर्ध्या तासात कापते, कारण त्याला सरळ रेषा मिळते आणि धावपट्टी लागत नाही. ज्या प्रवासात वेळेची किंमत फार मोठी आणि माणसे थोडी, तिथे ते योग्यच आहे. पण त्याची आसने मोजकी, खर्च मोठा, आणि ढग खाली उतरले की उड्डाण थांबते. पूर येतो तेच दिवस ढगांचेही असतात. नेहमीच्या रस्त्याची जागा ते घेऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: या जिल्ह्यांतले किती लोक विमानाने जातात? त्यांच्यासाठी एवढा हिशेब कशाला? उत्तर असे की यातला मोठा तुकडा विमानाचा नाहीच. भामरागडहून नागपूरला जायचे सात-आठ तास विमान पकडणाऱ्याला लागतात तसेच रुग्णाला, परीक्षेला निघालेल्या मुलीला आणि तपासणीसाठी पाठवलेल्या नमुन्यालाही लागतात. उद्या विमानाचा वेग दुप्पट झाला तर नागपूर–मुंबईच्या ५१ मिनिटांतली पंचवीस मिनिटे वाचतील, आणि ती फक्त विमानातल्यांची. आलापल्लीकडचा रस्ता सुधारून एक तास वाचला, तर तो एसटीतल्या प्रत्येकाचा वाचतो आणि विमानाने जाणाऱ्याचाही. जिथे वेळ जास्त अडकला आहे तिथेच तो सोडवता येतो.

९. हिशेब हातात घेताना

यापुढे दोन विमानतळांमधले अंतर आणि वेळ सांगणारे आकडे दिसले की ते असे वाचावेत. किलोमीटरचा आकडा विश्वासाने घ्यावा. लॅम्बटनच्या साखळीपासून आजच्या उपग्रहांपर्यंत दोनशे वर्षांची मोजणी त्यामागे आहे. तासांचा आकडा मात्र सुटा करून पाहावा. किलोमीटर भागिले ८०० करून येणारा वेळ आकाशाचा. त्यावरचा अर्धा-पाऊण तास विमानतळांचा. पश्चिमेकडे जाताना वाऱ्यासाठी काही मिनिटे वाढवावीत, पूर्वेकडे येताना कमी करावीत. परदेशी जाताना घड्याळांतला फरक आधी काढून टाकावा. मग विमानतळावर थांबण्याचा वेळ, पुढच्या विमानाची वाट पाहण्याचा वेळ आणि घरापासूनचा रस्ता मिळवावा. मुंबईकराच्या बेरजेत शेवटच्या तीन आकड्यांचा वाटा बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास निघेल. चंद्रपूरकराच्या बेरजेत तो तीन चतुर्थांशाकडे जाईल आणि भामरागडकराच्या बेरजेत त्याहूनही वर.

म्हणून विमानतळ, रस्ता, पूल किंवा नवे उड्डाण अशी कोणतीही योजना जाहीर झाली की किती किलोमीटर आणि किती वेग हे ऐकून थांबू नये. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली, जिवती अशा टोकाच्या तालुक्यांतल्या माणसाच्या घरापासून त्याच्या मुक्कामापर्यंतच्या बेरजेतून नेमके किती तास वजा होणार, आणि वर्षातल्या किती दिवशी, हे विचारावे. पावसाळ्याचे चार महिने वगळून दिलेले उत्तर अपुरे समजावे.